न्यू यॉर्कच्या फूटपाथवर चित्रं विकायला लायसन्स का लागत नाही?

न्यू यॉर्कच्या सोहो भागातला एखादा फूटपाथ डोळ्यासमोर आणा. शेजारी शेजारी दोन टेबलं लागली आहेत. एकावर गॉगल मांडलेत, दुसऱ्यावर चित्रं. दोघांचं टेबल सारखंच, दोघांना लागणारी जागाही सारखीच. तेवढ्यात तपासणी करणारा अधिकारी येतो. गॉगलवाल्याला तो पहिला प्रश्न विचारतो, लायसन्स कुठंय? नसेल तर दंड होतो आणि माल उचलला जातो.

चित्रवाल्याला मात्र तो हा प्रश्न विचारूच शकत नाही. फार तर टेबल किती फूट आहे, बस स्टॉपवर लागलंय का, मेट्रोच्या जिन्यापासून किती लांब आहे, एवढं तो मोजू शकतो.

असं का? चित्र विकणं हा धंदा नाही का? पैसे तर दोघंही घेतात. या एका प्रश्नावर न्यू यॉर्क महापालिका आणि तिथले रस्त्यावरचे चित्रकार वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. त्या भांडणातून जी व्यवस्था तयार झाली ती नेमकी कशी चालते, हे समजून घेऊ. आणि शेवटी आपल्या मुंबईकडेही येऊ, कारण जहांगीरच्या बाहेर चित्रं मांडून बसणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा फार वेगळा नाही.

आधी ८५३ चा आकडा समजून घ्या

न्यू यॉर्कमध्ये रस्त्यावर खाण्याच्या वस्तू सोडून दुसरं काही विकायचं असेल, तर 'जनरल व्हेंडर लायसन्स' लागतं. आपल्याकडच्या भाषेत फेरीवाल्याचं लायसन्स. १९७९ साली शहराने या लायसन्सची संख्या ८५३ वर बांधून टाकली. माजी सैनिक या मर्यादेत मोजले जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत. बाकी सगळ्यांसाठी ८५३. ही मर्यादा पुढे कित्येक दशकं तशीच राहिली.

लाखो लोकांच्या शहरात ८५३ लायसन्स म्हणजे काय, ते सांगायला नको. एकदा लायसन्स मिळालेला माणूस ते सोडत नाही. नव्या माणसाचं नाव प्रतीक्षा यादीत जातं. नव्वदच्या दशकात चित्रकारांचा खटला चालला, तेव्हा या यादीत ५०० ते ५,००० लोक असावेत असा अंदाज कोर्टासमोर होता. म्हणजे कागदावर लायसन्स होतं, पण नव्या माणसाला ते मिळण्याची शक्यता जवळपास शून्य.

पुस्तकाला सूट, चित्राला नाही

१९८२ साली शहराने कायद्यात एक बदल केला. वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं असा छापील मजकूर विकणाऱ्यांना लायसन्समधून सूट दिली. कारण सरळ होतं. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती भाषण आणि छपाईचं स्वातंत्र्य देते. पुस्तक विकायला सरकारची परवानगी लागणार असेल आणि ती परवानगी मिळतच नसेल, तर ते स्वातंत्र्य उरतं कुठे?

पण ही सूट फक्त मजकुरालाच होती. म्हणजे चित्रांचं पुस्तक फूटपाथवर विनापरवाना विकता येत होतं, पण त्याच पुस्तकातलं एखादं चित्र सुटं करून विकायला बसलं की लायसन्स हवं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोहोमध्ये आणि मेट्रोपॉलिटन म्युझियमसमोर चित्रं विकणाऱ्यांवर कारवाई वाढली. चित्रकारांना अटक व्हायची, चित्रं जप्त व्हायची. गॉगलवाल्याचा माल गेला तर तो दुसरा आणू शकतो. चित्रकाराचं मूळ चित्र गेलं की गेलं, त्याची दुसरी प्रत नसते.

चित्रकार कोर्टात गेले

रॉबर्ट बेरी आणि रॉबर्ट लेडरमन ही दोन नावं या लढ्यात महत्त्वाची. लेडरमन यांनी रस्त्यावरच्या चित्रकारांची संघटनाही उभी केली आणि त्यांना स्वतःला अनेकदा अटक झाली. चित्रकारांच्या दोन गटांनी शहराविरुद्ध खटले भरले आणि ते एकत्र चालले. 'बेरी विरुद्ध न्यू यॉर्क शहर' या नावाने हा खटला ओळखला जातो.

शहराचं म्हणणं होतं की आम्ही चित्र काढायला मनाई करत नाही. काढा, घरी लावा, गॅलरीत विका. रस्त्यावर विकणं मात्र धंदा आहे, आणि धंद्याला नियम लागतात. फूटपाथवर गर्दी होते, लोकांना चालता येत नाही.

खालच्या कोर्टाने चित्रकारांना दिलासा दिला नाही. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये अपील कोर्टाने मात्र निकाल फिरवला. त्या निकालातले तीन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, चित्र हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे. तिला शब्दांइतकंच संरक्षण आहे. ज्याला वाचता येत नाही किंवा ती भाषा येत नाही, त्याच्यापर्यंतही चित्र पोहोचतं.

दुसरा, विक्री झाली म्हणून संरक्षण जात नाही. लेखक पुस्तकाचे पैसे घेतो, म्हणून पुस्तक ही नुसती वस्तू होत नाही. चित्राचंही तसंच.

तिसरा, गॅलरी हा रस्त्याला पर्याय नाही. गॅलरीत शिरायला बिचकणारा माणूस रस्त्यावर चित्रासमोर थांबतो. तो प्रेक्षक चित्रकाराला गॅलरीत भेटणार नाही.

कोर्टाने शहराचे हात पूर्ण बांधले नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. गर्दी आवरायची असेल तर विक्री कुठे, कधी आणि कशी करायची याचे नियम करा, असं कोर्टाने सांगितलं. आळीपाळीने जागा देणं किंवा चिठ्ठ्या काढणं असे मार्गही सुचवले. सुप्रीम कोर्टाने १९९७ साली शहराचं अपील ऐकायला नकार दिला आणि हा निकाल कायम झाला.

तेव्हापासून चित्रं, फोटो, प्रिंट आणि शिल्पं या चार गोष्टी न्यू यॉर्कच्या रस्त्यावर लायसन्सशिवाय विकता येतात.

मग शहराच्या हातात काय उरलं?

कोणी विकायचं हे ठरवण्याचा अधिकार गेला. कुठे विकायचं हे ठरवण्याचा राहिला. शहराने आता सगळं नियंत्रण इंच-फुटांवर आणून ठेवलंय. फूटपाथवर चित्रं विकणाऱ्याला साधारण हे नियम पाळावे लागतात:

• लोकांना चालायला किमान १२ फूट मोकळा फूटपाथ राहिला पाहिजे. म्हणजे अरुंद फूटपाथ आपोआप बाद.
• टेबल रस्त्याच्या कडेला, लांबीला ८ फूट आणि रुंदीला ३ फुटांपेक्षा मोठं नको. उंची ५ फुटांच्या आत.
• इमारतीच्या दारापासून २० फूट अंतर हवं.
• चौकाचा कोपरा, मेट्रोचा जिना आणि गाड्या आत-बाहेर करण्याची वाट यांपासून १० फूट अंतर.
• बस स्टॉप आणि टॅक्सी स्टँडवर बसायचं नाही. मेट्रोच्या जाळ्या आणि मॅनहोल यांवरही नाही.

शिवाय काही रस्ते ठरावीक दिवशी आणि वेळी विक्रीला बंद असतात. आणि लायसन्स नको म्हणजे टॅक्स नको असं नाही. चित्रकाराला राज्याच्या टॅक्स खात्याकडे नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. न्यू यॉर्क शहरात विक्रीकर ८.८७५ टक्के आहे. तो गिऱ्हाइकाकडून घेऊन भरायचा असतो.

आता हे सगळे नियम एका रस्त्यावर लावून बघा. दारापासून २० फूट, कोपऱ्यापासून १० फूट, जिन्यापासून १० फूट. गजबजलेल्या भागात, जिथे गिऱ्हाईक असतं, तिथे सगळ्या नियमांत बसणारी जागा शोधायला फिरावं लागतं. कागदावर अधिकार सगळ्यांना आहे, पण तो वापरायला जागा मोजक्या आहेत.

बागेतल्या १०० जागा

न्यू यॉर्कच्या बागा हा वेगळा विषय आहे, कारण तिथे पार्क विभागाचं राज्य चालतं. मेट्रोपॉलिटन म्युझियमसमोरचा फूटपाथही याच विभागाच्या ताब्यात येतो. पर्यटक सगळे इथेच, त्यामुळे चित्रकारही इथेच.

१९९८ साली पार्क विभागाने म्युझियमसमोर बसायला परमिट लागेल असं जाहीर केलं. मागच्या दाराने लायसन्स परत आणण्याचाच हा प्रकार आहे, असं चित्रकारांचं म्हणणं होतं. २००१ साली फेडरल कोर्टाने निकाल चित्रकारांच्या बाजूने दिला.

मग २०१० च्या जुलैमध्ये पार्क विभागाने वेगळा मार्ग काढला. परमिट नाही, यादी नाही, फी नाही. सर्वांत गर्दीच्या चार ठिकाणी जमिनीवर खुणा करून जागाच मोजक्या ठेवल्या. सेंट्रल पार्कच्या गर्दीच्या भागांत ६८, युनियन स्क्वेअरमध्ये १८, बॅटरी पार्कमध्ये ९ आणि हाय लाइनवर ५. एकूण १००. एका खुणेवर एकच विक्रेता. सकाळी ६ च्या आधी जागा धरायची नाही. त्यानंतर जो पहिला येईल त्याची.

लेडरमन पुन्हा कोर्टात गेले. या वेळी मात्र ते हरले. २०१३ साली अपील कोर्टाने हे नियम वैध ठरवले. हा नियम चित्रात काय आहे ते बघत नाही, फक्त गर्दी आवरतो, आणि बाकीच्या बागा व रस्ते विक्रीला मोकळे आहेत, म्हणून तो चालेल, असा कोर्टाचा निष्कर्ष होता.

यातून एक नवी अडचण आली. पहाटे उठून, सामान ओढत आणून, रांगेत उभा राहू शकणारा माणूस जागा मिळवतो. लांब राहणारा, वय झालेला किंवा घरी लहान मूल असलेला चित्रकार मागे पडतो. लायसन्सच्या काळात कागद असलेला जिंकायचा. आता लवकर पोहोचणारा जिंकतो.

टोपीवर चित्र काढलं तर?

चित्राला सूट आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येणारच. चित्र म्हणजे नक्की काय? कॅनव्हासवरचं चित्र म्हणजे कला हे मान्य. पण टोपीवरचं?

दोन ग्राफिटी कलाकारांनी टोप्यांवर आणि कपड्यांवर हाताने रंगवून ते रस्त्यावर विकायला सुरुवात केली. हा खटला २००६ साली अपील कोर्टात निकाली निघाला. 'मास्ट्रोव्हिन्चेन्झो' खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. कोर्टाने एक कसोटी घालून दिली. वस्तूचा मुख्य उद्देश काहीतरी सांगणं हा आहे, की ती वापरणं हा आहे? ते ठरवताना विकणारा खरोखर कलाकार आहे का, तो स्वतःचं काही मांडतोय का, साध्या वस्तूच्या तुलनेत किंमत किती आहे, बाजूला दुसरा कोणता माल ठेवलाय, अशा गोष्टी बघायच्या.

या कसोटीवर त्या टोप्या कला ठरल्या. तरीही कलाकार खटला हरले! कारण कोर्टाने म्हटलं की अशा कपड्यांसाठी लायसन्स मागणं हे शहराला करता येईल असं बंधन आहे. बेरी निकालाची थेट सूट त्या चार प्रकारांनाच आहे.

आपलं उदाहरण घेऊ. समजा, पालघरहून न्यू यॉर्कला गेलेल्या एखाद्या कलाकाराने कागदावर वारली चित्रं काढली आणि फूटपाथवर मांडली. लायसन्स नको. तेच चित्र तिने कापडी पिशवीवर काढलं, तर पिशवी ही वापरायची वस्तू आहे म्हणून लायसन्सचा प्रश्न उभा राहतो. हात तोच, रेघ तीच, फक्त खालचा पृष्ठभाग बदलला. (तिथे राहून कमाई करायला व्हिसाची परवानगी लागते, तो मुद्दा वेगळाच.)

उलट बाजूही बघा. न्यू यॉर्कमध्ये चित्र विकणाऱ्याने ते स्वतः काढलेलं असायलाच हवं असा नियम नाही. छापलेल्या प्रतीही या सूटमध्ये येतात. त्यामुळे प्रिंटचा गठ्ठा आणून विकणारा आणि स्वतः चित्र काढणारा, दोघं एकाच खुणेसाठी पहाटे धावतात. कायद्यासमोर दोघं सारखेच.

तपासणी कोण करतं?

पूर्वी हे काम मुख्यतः पोलिसांकडे होतं. २०२१ मध्ये ते ग्राहक आणि कामगार संरक्षण विभागाकडे गेलं. २०२३ पासून सॅनिटेशन विभाग, म्हणजे कचरा उचलणारं खातं, यात पुढे आहे. बागांमध्ये पार्क विभागाचं स्वतःचं गस्त पथक असतं.

खातं बदललं की रस्त्यावरचा अनुभव बदलतो. कचऱ्याचं खातं फूटपाथकडे स्वच्छता आणि अडथळा या नजरेने बघतं. आणि टोपी की चित्र, पिशवी की कला, हा न्यायाधीशांना अवघड गेलेला प्रश्न प्रत्यक्षात दोन मिनिटांत सोडवतो तो गणवेशातला अधिकारीच.

दुसरा मार्ग: सॅन फ्रान्सिस्को

अमेरिकेतच सॅन फ्रान्सिस्कोने अगदी वेगळा मार्ग धरला. तिथे सत्तरच्या दशकातच रस्त्यावरच्या कलाकारांसाठी खास योजना सुरू झाली. ती पोलिसांकडे किंवा कचरा खात्याकडे नाही, तर शहराच्या कला आयोगाकडे आहे.

तिथे मुख्य अट एकच आहे. वस्तू तुम्ही स्वतः बनवलेली हवी. हस्तकलेचा माल विकायचा असेल तर कलाकाराने आपली हत्यारं आणि कच्चा माल घेऊन समितीसमोर जायचं आणि बनवून दाखवायचं. समितीला पटलं की प्रमाणपत्र मिळतं. नंतरही काम करण्याची जागा तपासली जाऊ शकते. बसायच्या जागा शहराने ठरवलेल्या आहेत आणि त्या सोडतीने वाटल्या जातात.

याचा फायदा म्हणजे बाहेरून घाऊक आणलेला माल कलाकाराच्या टेबलावर येत नाही, आणि दागिने किंवा मातीची भांडी बनवणाऱ्यालाही जागा मिळते. न्यू यॉर्कच्या सूटमध्ये त्याला जागा नाही. तोटा असा की तुमचं काम हाताने केलेलं आहे का, हे एक सरकारी समिती ठरवते.

म्हणजे न्यू यॉर्क माणूस तपासत नाही, जागा तपासतं. सॅन फ्रान्सिस्को आधी माणूस तपासतं, मग जागा देतं.

आणि मुंबईत?

आता काळा घोड्याला या. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फूटपाथवर चित्रं मांडलेली आणि समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणारे चित्रकार तुम्ही पाहिले असतील. त्यांना कोणता कायदा लागतो?

भारतात रस्त्यावरच्या विक्रीसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. शहरात विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, नगर पथविक्रेता समिती नेमायची, त्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायचे, आणि पात्र विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, अशी ही रचना आहे. वॉर्ड किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं असं कायदा सांगतो. न टिकणारा माल जप्त झाला तर मागणी केल्यावर त्याच दिवशी, आणि टिकणारा माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा, हीही तरतूद आहे.

फेरीवाल्यासाठी हा कायदा मोठा आधार आहे. पण चित्रकाराच्या नजरेने वाचला की तो अडखळायला लावतो. कायद्यातल्या व्याख्येत वस्तू, माल, खाद्यपदार्थ, रोजच्या वापरातल्या चिजा आणि लोकांना दिलेली सेवा असे शब्द आहेत. समोर बसवून पोर्ट्रेट काढून देणं ही सेवा म्हणता येईल. तयार चित्राला 'वस्तू' म्हणून आत घेता येईल. पण कलाकार असा वेगळा शब्द नाही. शिवाय प्रमाणपत्र घेताना आपल्याला उपजीविकेचं दुसरं साधन नाही असं हमीपत्र द्यावं लागतं. आठवडाभर चित्रकलेचे क्लास घेणारा आणि रविवारी फूटपाथवर चित्रं विकणारा माणूस ते कसं देणार?

घटनेच्या बाजूने बघितलं तर सुप्रीम कोर्टाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणं हा कलम १९(१)(छ) खालचा व्यवसायाचा हक्क मानला, अर्थात वाजवी बंधनांसह. म्हणजे आपल्याकडे फूटपाथवरच्या चित्रकाराकडे मुख्यतः व्यवसाय करणारा म्हणून बघितलं जातं.

बेरी निकालाच्या मुळाशी असलेला विचार आपल्याला परका मात्र नाही, आणि त्याचा धागा थेट पुण्याला जातो. वर्तमानपत्राने किती पाने द्यायची आणि किंमत किती ठेवायची, हे सरकारने ठरवण्याविरुद्ध 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेलं होतं. १९६१ च्या निकालात कोर्टाने ते बंधन रद्द केलं. वर्तमानपत्र विकणं हा व्यवसाय असला, तरी व्यवसायाचं नियमन म्हणून अभिव्यक्तीवर बंधन आणता येणार नाही, असा त्याचा गाभा होता. पैसे घेतले म्हणून अभिव्यक्ती नुसता माल होत नाही, हे आपल्या कोर्टाने बेरी निकालाच्या ३५ वर्षं आधी सांगितलं होतं. वर्तमानपत्राच्या बाबतीत.

थोडक्यात

• न्यू यॉर्कमध्ये चित्रं, फोटो, प्रिंट आणि शिल्पं विकायला लायसन्स लागत नाही. हा हक्क १९९६ च्या कोर्टाच्या निकालाने मिळाला.
• टॅक्स नोंदणी आणि जागेचे नियम मात्र सगळ्यांना लागू आहेत.
• गर्दीच्या चार बागांमध्ये १०० ठरलेल्या जागा आहेत. पहिला येईल त्याला जागा.
• वापराच्या वस्तूवर चित्र असेल तर लायसन्सचा प्रश्न येतो.
• सॅन फ्रान्सिस्कोत स्वतः बनवल्याचं दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं.
• भारतात २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, पण त्यात कलाकारांसाठी वेगळी वाट नाही.

पुढच्या वेळी काळा घोड्याला गेलात आणि एखादं चित्र आवडलं, तर चित्रकाराशी दोन शब्द बोला. इथे बसायला तुम्हाला कोणता कागद लागतो, एवढंच विचारा.